छोट्या टाकीत कोणते मासे ठेवायचे? नागपूरचा उन्हाळा धरून पूर्ण माहिती

दीड महिन्यापूर्वी भाचीच्या वाढदिवसाला कुणीतरी दीड फुटाची काचेची टाकी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी ती टाकी घेऊन माझ्या दारात, मामा चल ना, आत्ताच जाऊन मासे आणू. मी म्हटलं आज मासे नाही, आज आपण टेप, बादली अन् थर्मामीटर घेऊन बसू. तिचा चेहरा उतरला, पण तासाभरात तीच वहीत आकडे लिहून राहिली होती. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण बिल्डिंगमधले, ऑफिसमधले सगळेच मला हे विचारतात आणि बहुतेक जण मासे घरी आल्यावर विचारतात.

माझं म्हणणं एकच आहे. नागपुरात छोट्या टाकीसाठी मासा निवडायचा असेल तर मे महिना डोळ्यासमोर ठेवून निवडा. दुकानात एसी किंवा कूलर चालू असतो, लाइट असतात, सगळेच मासे सुंदर दिसतात. तुमच्या घरी दुपारी चार वाजता, बाहेर ४५ असताना, लाइट गेलेली असताना त्या २५ लिटर पाण्यात कोण तग धरेल हा खरा प्रश्न आहे. मोठ्या टाकीत शंभर-दीडशे लिटर पाणी हळूहळू तापतं, हळूहळू खराब होतं, आपल्याला सावरायला वेळ मिळतो. छोट्या टाकीत एक मेलेला मासा रात्रभर खडीत पडून राहिला तरी सकाळी बाकीचे धापा टाकत असतात. म्हणून नवशिक्यासाठी छोटी टाकी सोपी असते हा समज आधी डोक्यातून काढा, छोटी टाकी जास्त कठीण आहे, फक्त स्वस्त आहे.

आधी टाकी मोजा

दुकानदार फुटात बोलतो, आपल्याला लिटर पाहिजे. आतून लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि हजारने भागा. भाचीची टाकी ४५ बाय २५ बाय ३०, म्हणजे जवळपास ३४ लिटर. पण काठोकाठ कोणी भरत नाही, वर दोन इंच मोकळे सोडायचे, खाली खडी, मधे फिल्टर, तर खरं पाणी उरतं २५ लिटर. मासे या २५ वर ठरवायचे, ३४ वर नाही.

तुमचा आकडा दहाच्या खाली आला, म्हणजे तो गोल काचेचा बाउल वगैरे असेल, तर माझी मनापासून विनंती आहे की त्यात मासा ठेवू नका. त्यात पाणवनस्पती लावा, मनी प्लांट लावा, छान दिसतं. दहा ते वीस लिटरमध्ये एकटा फायटर (बेटा मासा) राहू शकतो, बस. वीसच्या वर गेलात की थोडे पर्याय उघडतात, आणि अजून काहीच घेतलं नसेल तर सरळ दोन फुटाची घ्या, जागा थोडीच जास्त लागते आणि सांभाळायला खूप सोपी जाते.

"एक इंच मासा, चार लिटर पाणी" हा हिशोब तुम्हाला कोणीतरी सांगेलच, पण तो धरू नका. दोन इंचाची गप्पी आणि दोन इंचाचा गोल्डफिश शेजारी ठेवून बघा, गोल्डफिश अंगाने कितीतरी जाड, तेवढंच जास्त खाणार आणि तेवढीच जास्त घाण करणार. शिवाय दुकानातले बहुतेक मासे पिल्लं असतात, आज दोन इंच असलेला मासा वर्षभरात सहा इंच होऊ शकतो. त्यामुळे मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, अंगाने कसा आहे आणि पोहायला त्याला किती लांबी लागते, या तीन गोष्टी विचारा.

टाकी कुठे ठेवायची हेही आत्ताच ठरवा. एक लिटर पाणी एक किलो, त्यात खडी आणि काच धरली तर ही छोटी टाकीसुद्धा ३५-४० किलोची होते, टीव्हीच्या तकलादू युनिटवर नको. खिडकीच्या उन्हात नको. आणि डास मारायचा स्प्रे, लिक्विड, कॉइल ज्या खोलीत चालतात तिथे शक्यतो नकोच, त्यातली औषधं माशांसाठी जहर असतात. पावसाळ्यात गल्लीत फॉगिंगची गाडी आली की मी सगळ्यात आधी टाकीवर ओला टॉवेल टाकतो आणि हवेचा पंप बंद करतो, कारण पंप तोच धूर ओढून पाण्यात सोडतो. धूर विरला की खिडक्या उघडून लगेच पंप परत चालू.

घरी पाणी कोणतं येतं?

नागपुरात कॉर्पोरेशनचं पाणी पेंच आणि कन्हानमधून येतं, त्यात क्लोरीन असतं. बादलीत २४ तास उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातं, पण मी दुकानात मिळणारी अँटी-क्लोरीनची बाटलीच वापरतो, चार थेंबांचं काम, रिस्क कशाला. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही पण क्षार भरपूर. आरओ दुरुस्त करायला जो भाऊ येतो त्याच्याकडे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, असतंच, त्याला बोअरचं पाणी मोजायला सांगा. आमच्या बोअरचं ६४० येतं, नळाचं त्याच्या अर्ध्याहून कमी.

हा आकडा कशाला पाहिजे, तर गप्पी, मॉली, प्लॅटी हे जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात खुश असतात. नियॉन टेट्रासारख्यांना मऊ पाणी लागतं. आपल्याकडे जे पाणी आहे त्याला चालेल असा मासा घेणं हे मासा आणून मग पाणी बदलत बसण्यापेक्षा हजारपट बरं. आणि कोणी सांगितलं की आरओचं पाणी शुद्ध असतं, तेच भरा, तर भरू नका, त्यात माशाला लागणारे क्षारच उरत नाहीत.

तापमानाची वही

थर्मामीटर लावून पाणी भरलेली टाकी, मासे नसताना, आठवडाभर चालू ठेवा आणि पहाटे-दुपारी आकडा लिहा. इथेच नागपूर वेगळं पडतं. पुण्या-मुंबईच्या लोकांचे सल्ले ऐकून मी माझ्या पहिल्या टाकीत फेब्रुवारीत दहा नियॉन टेट्रा आणले होते, दुकानदार म्हणाला होता आरामात जगतात भाऊ. तीन महिने जगलेही. मग नवतपा लागला, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस. एका संध्याकाळी घरी आलो तर दहाच्या दहा फिल्टरच्या तोंडाशी, अगदी वरच्या पाण्यात, तोंडं वर करून, कल्ले इतक्या जोरात चालू की डोळ्यांनी मोजता येईना, आणि ती निळी रेघ पार फिकी पडलेली. पाण्यात हात घातला तर कोमट लागलं, ३५ होतं. तीन दिवसांत सगळे गेले. ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही, आणि म्हणूनच मी हे इतकं लावून धरतो.

कारण साधं आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलीग्रॅमच्या आसपास मावतो, ३५ ला ७ च्याही खाली येतो, आणि नेमकं गरम पाण्यात माशाचं शरीर जोरात चालतं म्हणून त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. वरून माशाने सोडलेला अमोनियाही गरम पाण्यात जास्त विषारी होतो. तिन्ही गोष्टी एकदमच उलट्या जातात.

कूलरच्या खोलीत माझं पाणी मे महिन्यात २९-३० ला राहतं, बिनकूलरच्या खोलीत ३४ च्या पुढे जातं. पण कूलरच्या थेट झोतात टाकी ठेवू नका, कूलर चालू-बंद झाला की पाणी खाली-वर होतं आणि माशाला ते झटके सोसत नाहीत. झाकण काढून त्या जागी जाळी लावली आणि छोटा टेबल फॅन पाण्याच्या वरून तिरपा फिरवला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र कूलरच्या दमट खोलीत हा उपाय तेवढा चालत नाही, कारण हवेतच ओलावा असतो आणि पाणी उडत नाही. तिथे हवेचा पंप वाढवायचा, आणि फारच चढलं तर बर्फाची बंद बाटली तरंगत सोडायची, अर्धा लिटरची एकच.

अजून एक, उन्हाळ्यात दुपारी नळातून येणारं पाणी म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं उकळलेलं पाणी, हात भाजतो. ते थेट टाकीत कधीच घालायचं नाही. डिसेंबरच्या सकाळी तेच पाणी बर्फासारखं असतं. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेच वापरा.

टाकी कधी सुरू करायची म्हणाल तर पोळा झाला की. दसऱ्या-दिवाळीपर्यंत टाकी जमते आणि उन्हाळ्याआधी तुम्हाला चार-पाच महिने हात बसायला मिळतात. एप्रिल-मेमध्ये नवीन टाकी लावू नका.

मासे आणण्याआधीचे चार ते सहा आठवडे

हे लोकांना सगळ्यात जास्त जिवावर येतं. मासा पाण्यात अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये एक प्रकारचे बॅक्टेरिया बसतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते आपण पाणी बदलून काढतो आणि झाडं खातात. नवीन टाकीत हे बॅक्टेरिया नसतात, त्यांना बसायला चार ते सहा आठवडे लागतात. "नवीन टाकी घेतली, पाणी स्वच्छ होतं, तरी आठवड्यात मासे मेले" ही जी तक्रार ऐकू येते ती याचीच.

करायचं काय, तर स्पंज फिल्टर लावून २४ तास चालू ठेवायचा, आणि मासे नसतानाच दिवसाआड चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो आणि बॅक्टेरियांना खायला मिळतं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायची थेंबांची किट घ्या. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. खाणं टाकत असतानाही दोन्ही शून्यावर टिकले आणि नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा थोडा स्पंज मागून आणा, ओला ठेवूनच आणा, वेळ खूप वाचतो. आणि तुमचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, क्लोरीनने सगळे बॅक्टेरिया मरतात, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा.

आता मासे

२५ लिटरमध्ये एकच जात ठेवा. दोन या जातीचे, दोन त्या जातीचे अशी भेळ दुकानात सगळे करून देतात, आणि छोट्या टाकीत भांडणं तिथूनच सुरू होतात.

माझी पहिली पसंती फायटर, नर, एकटा. त्याला कल्ल्यांसोबत अजून एक अवयव असतो ज्याने तो वर येऊन हवेतून श्वास घेतो, त्यामुळे मे महिन्यात ऑक्सिजन कमी झाला तरी तो टिकतो, ३० अंशाला तर त्याला काहीच वाटत नाही. याचा अर्थ त्याला चहाच्या ग्लासात ठेवायचं असा नाही, दुकानात डबीत असतो म्हणून लोकांना वाटतं त्याला तेवढंच लागतं. २५ लिटरमध्ये सोडलेला फायटर बघा, पानांमधून फिरतो, पानावर टेकून झोपतो, मूड असला की वरती फेसाचं घरटं बांधतो, आणि आठ-दहा दिवसांत तुम्हाला ओळखायला लागतो, काचेजवळ गेलात की समोर येऊन उभा राहतो. दोन नर एकत्र कधीच नाही, नर-मादीची जोडीही नाही, आणि गप्पीसोबतही नाही, गप्पीची लांब शेपटी बघून त्याला दुसरा फायटर वाटतो आणि तो फाडतो. फिल्टरचा झोत मंद ठेवा, त्याचे पंख जड असतात. झाकण किंवा जाळी लागेलच, उडी मारतो. हिवाळ्यात मात्र त्याला २५ ते ५० वॅटचा हीटर द्या, पाणी २४ च्या खाली गेलं की तो कोपऱ्यात बसून राहतो आणि खाणं सोडतो. पाणी बदलताना हीटर आधी बंद करून थंड होऊ द्यायचा, नाहीतर काच तडकते.

दुसरी पसंती गप्पी. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवरचं वाक्य आपण लहानपणापासून वाचलंय, विहिरीत, टाक्यात डासांच्या अळ्या खायला सोडतात तोच हा मासा, काटक आहे, बोअरचं जड पाणी त्याला आवडतं, नागपूरचा उन्हाळा जरा काळजी घेतली तर काढतो. २५ लिटरमध्ये पाच-सहा, पण सगळे नर घ्या, हे मी जोर देऊन सांगतोय. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं देते, थेट पोहणारी, आणि एकदा नराजवळ राहिली की पुढचे काही महिने नर नसतानाही देत राहते. दुकानातली जवळपास प्रत्येक मादी गाभण असते. दोन माद्या आणल्या की दिवाळीपर्यंत टाकी भरून वाहते. ओळख सोपी आहे, नर बारीक, रंगीत, शेपटी मोठी, आणि पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार. मादी जाड, फिकी, पोटाशी काळा डाग, खालचा पर पंख्यासारखा. दुकानदाराला म्हणा भाऊ, सगळे नर द्या, आणि जाळीतल्या प्रत्येकाचा तो पर स्वतः बघा.

तिसरा पर्याय हनी गोरामी, पण टाकी ४० लिटरच्या वर असेल तर. भारत-बांगलादेशातलाच मासा आहे, शांत, मधासारखा रंग, हाही हवेतून श्वास घेतो. झेब्रा मासाही आपल्याच भागातला आणि काटक, पण तो थांबतच नाही, सारखा धावतो, त्याला दोन फूट लांबी आणि सहा जणांची टोळी पाहिजे, दीड फुटात त्याचे हाल होतात. एंबर टेट्रासारखे अगदी छोटे मासे सुंदर दिसतात, पण ज्यांच्या खोलीत उन्हाळाभर एसी असतो त्यांनीच बघावे. चेरी झिंग्यांचंही तेच.

हे घेऊ नका

गोल्डफिश. सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि छोट्या टाकीला सगळ्यात चुकीचा. सहा-आठ इंच सहज होतो, घाण प्रचंड करतो आणि त्याला थंड पाणी आवडतं.

सकर, म्हणजे "टाकी साफ करणारा" म्हणून देतात तो. फुटाच्या वर वाढतो आणि साफ करतो त्यापेक्षा जास्त घाण करतो. शार्क म्हणून छोटी पिल्लं मिळतात, त्यातली बरीच बासा म्हणून खायला मिळणाऱ्या माशाचीच असतात, तळ्यात मीटरभर होतात. एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, कुठलाच २५ लिटरचा नाही. मॉली जड पाण्याला चांगली, पण तीन-चार इंच होते, दोन फुटाच्या टाकीत घ्या. आणि गुलाबी, हिरवे, निळे रंग भरलेले काचेसारखे पारदर्शक मासे दिसले तर कृपा करून घेऊ नका, तो रंग सुईने टोचून भरलेला असतो, मासा फार जगत नाही आणि रंगही उतरतो.

दुकानात उभं राहिल्यावर

घाई करू नका, दहा मिनिटं टाकीसमोर नुसते उभे राहा. त्याच टाकीत मेलेला किंवा तिरपा पोहणारा मासा असेल तर त्या टाकीतला एकही घेऊ नका, बाकीचे कितीही चांगले दिसोत. पर उघडे पाहिजेत, अंगाला चिकटलेले नको. अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके नको. पोट आत गेलेलं नको, खवले फुलून उभे राहिलेले नको. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लटकत असेल तर पोटाचा आजार असू शकतो. मग म्हणा, भाऊ जरा खाणं टाकून दाखवा. जो झडप घालून खातो तो घ्या. फायटरच्या डबीसमोर बोट आडवं फिरवा, निरोगी असेल तर बोटामागे वळतो आणि कल्ले फुगवतो. दुकानात येऊन किती दिवस झाले तेही विचारा, कालच आलेला मासा प्रवासाने थकलेला असतो, आठवडाभर दुकानात टिकलेला बरा.

घरी नेताना संध्याकाळची वेळ धरा, उन्हाळ्यात तर सूर्य मावळल्यावरच. पिशवी गाडीच्या हँडलला लटकवू नका, कापडी पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन कोणीतरी बसा. घरी टाकीचा लाइट बंद, बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी पिशवीत घाला, चार-पाच वेळा, आणि शेवटी मासा जाळीने उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. गप्पी असतील तर पहिल्यांदा तीनच आणा, दोन आठवड्यांनी बाकीचे.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. नंतर फायटरला दिवसातून दोनदा तीन-चार दाणे, गप्पींना दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, पहिला महिना तीन दिवसांनी अमोनिया मोजा, जराही दिसला की लगेच पाव पाणी बदलायचं. लाइट जाते त्या भागात सेलवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर मासे उपाशी राहू शकतात, शेजारच्या काकूंना खाणं टाकायला सांगू नका, प्रेमाने मूठभर टाकतात आणि पाणी सडतं.

आणि कधी मासे जास्त झाले, मोठे झाले, कंटाळा आला, काहीही झालं तरी फुटाळ्यात, अंबाझरीत नेऊन सोडू नका. सकरसारखे बाहेरचे मासे आपल्या तळ्यांत वाढले की इथल्या माशांची अंडी आणि जागा दोन्ही जातात. दुकानात परत द्या, बरेच जण फुकट का होईना घेतात.

भाचीच्या टाकीला आज पाचवा आठवडा आहे. मनी प्लांटला पांढरी मुळं फुटून पाण्यात उतरलीत, अमोनिया शून्य आहे, पण काल रात्री तिने नायट्राइट मोजलं तर अजून ०.२५ दाखवून राहिलं, म्हणून लाल फायटर या रविवारी नाही, पुढच्या रविवारी आणायचं ठरलंय.